हाक न मारलेली दुपार

मित्रांनो, जिच्यावर आजवर कुणीही अख्खी रात्र झोपलं नाही अशी मी एक जुनी लोखंडी खाट आहे. नवल वाटलं ना? पण माझं सगळं आयुष्य एका शाळेत गेलं, आणि शाळेत कुणी रात्री झोपायला येत नाही.

माझा जन्म एका अरुंद कारखान्यात झाला. वेल्डरकाका तोंडावर काळी काच धरून माझे पाय जोडत होते आणि ठिणग्या माझ्या अंगावरून उडत होत्या. माझ्या बरोबरीच्या खाटा एकाच गाडीत बसून दवाखान्यात गेल्या. त्या आजही एका रांगेत उभ्या असतील, एकमेकींशी बोलत असतील. मी एकटीच वेगळ्या टेम्पोत चढले आणि शाळेतल्या आजारी मुलांच्या खोलीत येऊन पडले.

ही खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. औषधांचं कपाट, हात धुवायचं बेसिन, माझ्याभोवती हिरवा पडदा आणि सायकली ठेवायच्या शेडकडे उघडणारी एक खिडकी, एवढंच माझं जग. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. फुटलेले गुडघे, नाकातून आलेलं रक्त, मुरगळलेले पाय असे पाहुणे माझ्याकडे येत. गणिताच्या तासाला तर माझ्याकडे फार गर्दी व्हायची आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली की सगळे रोगी खडखडीत बरे. एकदा ताप आलेला एक छोटा मुलगा घरी जायलाच तयार होईना. "इथेच छान वाटतंय," असं तो म्हणाला. ते शब्द मी अजून जपून ठेवले आहेत.

पुढे माझ्याकडे येणारी मुलं बदलली. आठवी-नववीची उंच मुलं येऊ लागली. त्यांना ना ताप असे, ना सूज. चाचणीच्या दिवशी एका मुलाला श्वासच पुरेना. एक मुलगी नुसती पंख्याकडे बघत पडायची. आमच्या नर्सबाई मायाळू होत्या, पण त्यांच्याकडे असलेल्या एकाही बाटलीवर या दुखण्याचं नाव नव्हतं.

त्यातच एक नववीतली मुलगी येऊ लागली. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून मुलांनी तिचं नाव 'अँटेना' ठेवलं होतं. हे नाव आधी तिच्या जिवलग मैत्रिणीनेच लाडाने ठेवलं होतं. मग ती मैत्रीण दुसऱ्या घोळक्यात गेली आणि ते नाव चिडवायला सगळ्यांच्या तोंडी राहिलं.

"काय होतंय?" नर्सबाईंनी विचारलं.

"पोट दुखतंय."

"कुठे, दाखव बघू."

तिने छातीच्या मधोमध हात ठेवला.

"अगं, हे पोट नव्हे."

"मग काय म्हणू?" ती म्हणाली.

नर्सबाई हसल्या. त्यांनी एक गोळी दिली आणि तिला झोपवलं. ती भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन माझ्यावर पडली. ती रडली नाही. तिचा एक हात मात्र माझ्या कडेची पट्टी घट्ट धरून होता. त्या हाताला मी काही उत्तर देऊ शकले नाही.

ती पुन्हा आली, मग पुन्हा पुन्हा येत राहिली. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक निघालं. मग मुख्याध्यापिका म्हणाल्या, "ताप नसेल तर कुणालाही झोपू द्यायचं नाही. सवय लागते मुलांना." पुढच्या वेळी नर्सबाईंनी तिच्या तोंडातला थर्मामीटर बघितला आणि म्हणाल्या, "काही नाही गं तुला. जा वर्गात." ती गेली. माझ्यावरची चादर त्या दिवशी सुरकुतलीच नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती गोष्ट घडली. नर्सबाई दुपारनंतर शेजारच्या लहान मुलांच्या शाळेत जात. मधल्या सुट्टीत त्या बेसिनपाशी पाठमोऱ्या उभ्या असताना ती हळूच आत आली आणि पडद्यामागे माझ्यावर आडवी झाली. नर्सबाईंनी हात पुसले, पिशवी घेतली, दार ओढलं. बाहेर कुलूप लागल्याचा आवाज आला. तो तिनेही ऐकला.

मला वाटलं, आता उठेल, दार वाजवेल. ती उठली नाही.

तासांच्या घंटा होत राहिल्या. हजेरी सकाळीच झालेली होती, त्यामुळे तिची जागा रिकामी आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. शाळा सुटली तेव्हा मात्र ती खिडकीपाशी गेली. खाली तिच्या वर्गातल्या मुली सायकली काढत होत्या. तिची जुनी मैत्रीण अगदी खिडकीखालून गेली. एक हाक पुरली असती. पण ती दोन पावलं मागे सरली आणि पुन्हा माझ्यावर येऊन बसली. लोखंडाला जेवढी वाट बघता येते, तेवढी मी त्या दुपारी बघितली.

दिवेलागणीला व्हरांड्यात धावती पावलं वाजली. वॉचमनकाकांना वर्गात तिचं दप्तर सापडलं होतं. त्यांनी एकेक खोली उघडत आमचं कुलूप काढलं. त्यांच्या मागून तिचे आईबाबा आत आले.

"अगं, हाक तरी मारायचीस," आई म्हणाली.

"कुणाला?"

बाबा म्हणाले, "मला वाटलं, तू आईबरोबर बाहेर गेलीस."

"आणि मला वाटलं, ह्यांनी परस्पर शाळेतून नेलं."

ती दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. "तुम्ही एकमेकांशी बोललात?"

"बोलावं लागलं," बाबा म्हणाले.

"मग रोज का नाही बोलत? आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा मीच जाऊन आईला सांगायचं. आईने काय उत्तर दिलं तेही मीच येऊन सांगायचं. दिवसभर तुमचंच बोलत असते मी. शाळेत कुणी बोलत नाही. माझं मी कधी बोलू?"

मग ती रडली, खूप वेळ. आई तिच्या एका बाजूला बसली. जरा थांबून बाबा दुसऱ्या बाजूला बसले. वॉचमनकाका बाहेर जाऊन उभे राहिले.

मित्रांनो, यानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. तिचे आईबाबा पुढे वेगळे राहू लागले. पण "आता मी कुणाचे निरोप नेत नाही," असं तिने एकदा नर्सबाईंना सांगितलं. शाळेत आठवड्यातून एकदा समुपदेशक ताई येऊ लागल्या. हळूहळू ती त्यांच्याशी बोलू लागली. नर्सबाईंनी माझ्याशेजारी एक खुर्ची आणून ठेवली. थर्मामीटर लावायच्या आधी त्या खुर्चीवर बसत आणि विचारत, "आज काय झालं, सांगतेस?" एके दिवशी डोकं धरून आलेली दुसरी एक मुलगी अँटेनाला म्हणाली, "सरक ना जरा." दोघी आडव्या पडून कुजबुजत राहिल्या. माझ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला.

ती शिकून गेली. नर्सबाई निवृत्त झाल्या. खोलीत गादीचा नवा पलंग आला आणि मला जिन्याखाली आणून टाकलं. माझ्यावर मोडक्या खुर्च्या रचल्या आहेत. पायांना गंज चढलाय, आणि मला रंग द्यायची कुणाला आठवण नाही. तरी एक कोपरा मोकळा आहे. मधल्या सुट्टीत कधी कधी एखादं मूल तिथे एकटंच येऊन बसतं आणि घंटा झाली की निघून जातं. ते कुणाचं, कुठल्या वर्गातलं, मला कळत नाही.

तुम्हाला कळू शकेल. तुमच्या बाकावरची जागा रिकामी दिसली तर ते मूल कुठे गेलं म्हणून शोधायला जा. आणि तुमच्या स्वतःच्या छातीत असं दुखत असेल, तर त्याला पोटदुखी म्हणा, डोकेदुखी म्हणा, काहीही नाव द्या, पण एका तरी माणसाला सांगा. त्याला पटलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. मला रंग दिला नाहीत तरी चालेल. मी लोखंड आहे, गंजत का होईना, एकटी राहू शकते. तुम्हाला मात्र ते जमत नाही, हे मी फार जवळून पाहिलं आहे.