ओलीचा रकाना

दारात उभं राहून तिने एकदा सगळं मोजून घेतलं. पलंग एक, त्यावरची चादर ताणून चारही कोपरे गादीखाली खोचलेले. लोखंडी कपाट एक. खुर्च्या दोन, त्यांतली एक शेजारून मागून आणलेली. खिडकीच्या काचा चार, चारही पुसलेल्या. दोरीवर कपडा नाही, शेगडीवर भांडं नाही, फरशीवर एक केस नाही. आणि पलंगाच्या उशाशी, जिथे गेल्या आठवड्यापर्यंत कमरेइतका उंच हिरवट काळा डाग होता, तिथे आता डागही नाही. सायीच्या रंगाची सपाट, गुळगुळीत भिंत.

मग तिला काहीतरी आठवलं. खुर्ची ओढून ती वर चढली आणि दाराच्या वरच्या कडेवरून फडकं फिरवलं.

"आता तिथे कोण बघणार आहे?" नवरा म्हणाला.

"आमचा सुपरवायझर बघतो. पांढरा रुमाल फिरवतो तिथून. धूळ निघाली की त्या दिवसाचा पगार कापतो."

ती एका लॉजमध्ये खोल्या साफ करायची. खोलीत कालपर्यंत कुणी राहत होतं याची खूण उरू द्यायची नाही, हेच तिचं काम. तो रंगारी. लोकांच्या भिंतींवरची भोकं, ओरखडे, तेलाचे हात तो असे नाहीसे करायचा की घरमालकालाही जागा सापडू नये. त्यामुळे शहराच्या कमी भाड्याच्या घरांच्या कचेरीतून 'खोली पाहायला माणूस येईल' असं पत्र आलं, तेव्हा काय करायचं हे दोघांना वेगळं सांगावं लागलं नाही. तिने घासलं, त्याने खरवडलं. ओल अडवणारा लेप, त्यावर पुट्टी, त्यावर पॉलिश पेपर, त्यावर एका गिऱ्हाइकाच्या हॉलमधून उरलेला रंग, दोन हात. हे घर ज्यांनी नासवलं त्यांच्या हातात नवं घर कोण देईल, असा सरळ हिशेब होता.

"टिकेल ना हो?" तिने खुर्चीवरून उतरता उतरता विचारलं.

"महिनाभर टिकेल. पाणी आतून येतंय, मग फुगे धरेल. आजच्यापुरती काळजी नाही."

"वास येतोय अजून. खिडकी उघडते."

"नको. गटाराचा येईल. त्यापेक्षा हा बरा."

एरवी ती हसली असती. आज तिने खुर्ची जागेवर नेऊन ठेवली.

पलंगाच्या कडेवर ठकू पाय जोडून बसली होती. सात वर्षांची मुलगी, तोंड किंचित उघडं, खांदे श्वासाबरोबर वर-खाली होणारे. तिची उशी त्या भिंतीला टेकायची. दुसरीकडे पलंग मावत नव्हता. तिचा श्वासाचा पंप आणि औषधाच्या बाटल्या आज कपाटात, चादरींच्या मागे गेल्या होत्या.

"ठकू, कचेरीचं माणूस असेपर्यंत खोकायचं नाही हं."

"आला तर?"

"गिळायचा."

"खोकला गिळतात?"

"आजच्या दिवस गिळतात," ती म्हणाली आणि मुलीचा फ्रॉक उगाचच गुडघ्यांवर सारखा केला.

जिन्यावर पावलं वाजली. एका माणसाची नव्हेत, दोघांची. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्यांतल्या दुसऱ्याच्या चपलांची फटक-फटक दोघांच्याही ओळखीची होती.

कचेरीच्या बाई धापा टाकत आत आल्या. पन्नाशीच्या, खांद्याला जड पिशवी, गळ्यात ओळखपत्र. "तीन जिने! आणि पायऱ्या काय उंच! तुम्हाला याचेच गुण द्यायला हवेत खरं तर." त्या मागून आणलेल्या खुर्चीवर बसल्या आणि ती कुरकुरली. मागोमाग घरमालक आले, पण आत नाही. ते चौकटीला खांदा लावून उभे राहिले.

"खाली कचेरीची गाडी दिसली," मालक म्हणाले. "म्हटलं, आमच्या खोल्या बघायला पाहुणे आले आणि आपणच नाही? बरं दिसत नाही. काय रंगारी?"

"या ना, मालक," नवरा उभा राहिला.

अर्ज केल्याचं त्यांनी मालकांना कळू दिलं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंपीणबाईने छतातून पाणी गळतं म्हणून एका तक्रारीच्या कागदावर सही केली होती, तर आठवड्याच्या आत तिचं शिलाई मशीन जिन्यावर आलं होतं. ते उचलायला माणूस मिळेपर्यंत सगळे मशीनला वळसा घालून चढत-उतरत होते. कुणी काही बोललं नाही. हीही बोलली नव्हती.

बाईंनी टेप काढून खोलीची लांबी-रुंदी घेतली, टेपचं दुसरं टोक नवऱ्याने धरलं. खिडकी उघडून मिटून पाहिली. नळ सोडला. प्रत्येक गोष्टीनंतर त्या हातातल्या फळीवरच्या कागदावर काहीतरी लिहायच्या, आणि त्यांचं पेन थांबलं की हिचा श्वास थांबायचा.

"छान ठेवलीय हो खोली. रंग नवा दिसतोय?"

कुणी बोलायच्या आत चौकटीतून आवाज आला, "दर वर्षी देतो मी. माणसं राहतात, म्हटल्यावर द्यायलाच पाहिजे."

बाईंनी मालकांकडे नाही, तिच्याकडे पाहिलं. "हो का?"

"हो," ती म्हणाली. शब्द आपोआप बाहेर पडला, लॉजमध्ये 'झाली का खोली?' असं विचारल्यावर पडतो तसा.

"आणि मुलगी? तब्येत वगैरे?"

"ठणठणीत आहे."

ठकूने दोन्ही हात मांडीखाली दाबले. तिची मान ताठ झाली होती आणि गळ्याच्या खळग्यात कातडी आत-बाहेर होत होती. बाई तेवढ्यात पिशवीत वाकल्या होत्या. त्यांनी हातात मावेल असं एक यंत्र बाहेर काढलं. एका टोकाला दोन बारीक सुया, वर छोटी काच.

"हे ओल मोजतं," त्या म्हणाल्या. "वीसच्या वर गेलं की भिंत ओली धरायची." त्या उशाशी वाकल्या, सुया भिंतीला टेकवल्या. काचेत आकडे थरथरले आणि थांबले.

"सात."

तिने डोळे मिटून घेतले. वाचलो. तिच्या मनात त्याच क्षणी दोन खोल्यांचं घर उभं राहिलं. त्यात ठकूचा पलंग कुठल्याच भिंतीला टेकलेला नव्हता. नवऱ्याच्या चेहऱ्यावरही क्षणभर समाधान चमकून गेलं. चांगलं काम उतरलं की कामाच्या जागी तो असाच दिसायचा.

"म्हणजे ओलीच्या रकान्यात शून्य," बाई लिहीत म्हणाल्या.

"शून्य म्हणजे चांगलं ना, मॅडम?"

बाईंचं पेन हवेत राहिलं. "खोलीसाठी चांगलं. अर्जासाठी..." त्यांनी जरा शब्द शोधले. "असं बघा, घरं थोडी आणि अर्ज ढीगभर. ज्याची खोली जास्त वाईट, त्याला आधी. ओल असली तर गुण, आजारी मूल असलं तर गुण. तुमच्या खोलीला तसं काही नाही, म्हणजे तुम्हाला इथून हलवायची घाई नाही, असं धरतात."

"मग पुढच्या वेळी?"

"यादी पुन्हा कधी उघडेल ते माझ्या हातात नाही. मागच्या दोन याद्यांमध्ये चार वर्षं गेली."

मालक चौकटीत हसले. "घ्या! अहो, माझ्या खोलीला नाव ठेवायला जागाच नाही. मी काय म्हणतो बाई, चहा सांगू का खालून?"

तिला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. चारही काचा पुसलेल्या होत्या. दाराची वरची कडसुद्धा पुसलेली होती. ती आळीपाळीने एकेका वस्तूकडे पाहू लागली, जणू कुठेतरी राहून गेलेली घाण सापडली तर अजूनही काही होऊ शकलं असतं.

तेवढ्यात ठकूचा धीर सुटला. पहिला खोकला तिने तळहातात दाबला. दुसरा दबला नाही. मग एकामागून एक येतच राहिले, कोरडे, लांब, आणि मध्ये हवा ओढताना शिट्टीसारखा आवाज. "आई, गिळला होता गं," ती मध्येच म्हणाली आणि पुन्हा वाकली.

आईने कपाट उघडलं. घडी घातलेल्या चादरी फरशीवर फेकल्या आणि मागून पंप काढला. मागोमाग एक बाटली गडगडत बाईंच्या पायाशी गेली. पंप तोंडाला लावून मुलगी ओढत राहिली.

बाईंनी बाटली उचलली, तिच्यावरचं नाव वाचलं. "हे कधीपासून?"

"इथे आलो त्या वर्षापासून."

"पोरांना सर्दी होतेच," मालक म्हणाले. आता ते हसत नव्हते.

"डॉक्टरांचा कागद आठवड्याभरात आणून द्या, आजाराचे गुण धरता येतील," बाई हळू म्हणाल्या. "पण एकट्या त्याने भागत नाही. भिंतीचं मात्र आजच व्हायला हवं. मला जो आकडा दिसतो तोच मी लिहिणार, आणि आकडा सात आहे." त्यांनी पेनाचं टोपण लावलं. यंत्र अजून पलंगावर होतं.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे पाहत होता. तिच्या ओळखीत त्याने स्वतःचं काम कधी बिघडवलं नव्हतं. एकदा गिऱ्हाइकाने पैसे बुडवले, तेव्हाही 'भिंतीने काय केलंय?' म्हणून दुसरा हात मारून आला होता. आणि चौकटीत मालक होते. शिंपीणबाईच्या मशीनचं काळं चाक तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. या पलंगाला त्या जिन्याच्या वळणावर मावायलाही जागा नव्हती.

ती खाली वाकली. पलंगाखालून त्याची कामाची पिशवी ओढली. आत चाचपलं, आणि पुट्टीची पट्टी काढून त्याच्या हाताजवळ, चादरीवर ठेवली. पत्र्याचं टोक चादरीत अडकलं.

तो पट्टीकडे बघत राहिला. मग त्याने ती उचलली.

"रंगारी," मालक आत आले. "जरा जपून. भिंत माझी आहे."

"भिंत तुमचीच, मालक. रंग माझा आहे."

त्याने उशी बाजूला केली, ठकूला जरा सरकायला सांगितलं आणि उशीच्या उंचीवर पट्टीचं टोक रोवलं. सायीचा रंग पापुद्र्यासारखा निघाला. त्याखाली पुट्टी, ती भुगा होऊन पडली नाही, गोळ्या होऊन चिकटली. त्याखाली लेपाचा चिवट थर. तो त्याने कडेकडेने, घाई न करता सोलला. तळहाताएवढा चौकोन उघडा पडला. चौकोनाच्या कडा सरळ होत्या. आतला गिलावा काळा होता.

"तुम्ही तर म्हणालात दर वर्षी रंग," बाई म्हणाल्या. त्या कुणाला म्हणाल्या ते नीट कळलं नाही.

"मी खोटं बोलले, मॅडम," ती म्हणाली. "आम्हीच दिला. मागच्या आठवड्यात."

मालक वळले, आणि चपलांचा आवाज जिन्यावरून खाली, आणखी खाली जात राहिला. तळमजल्यावर एक दार आपटलं. नवऱ्याच्या हातातली पट्टी थबकली. ठकूने पंप तोंडातून काढला आणि आईच्या साडीचा पदर मुठीत धरला.

बाईंनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. त्या गुडघ्यावर बसल्या, यंत्र उचललं आणि दोन्ही सुया त्या काळ्या चौकोनात रोवल्या. काचेत आकडे धावले, एकदा मागे आले, आणि थांबले.

एकतीस पूर्णांक चार.