वहिनींचा निकाल

दुकानात त्यांना सगळेच वहिनी म्हणत. खरं तर त्या वहिनी एकट्या भाऊजींच्या, म्हणजे नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या. पण गिऱ्हाइकांनी तेच नाव उचललं आणि बारा वर्षांत ते इतकं रुळलं की कुरिअरवाल्याच्या पावतीवरही तेवढंच असे. कॉम्प्युटर जुळवून देण्याचं हे दुकान दीर-भावजयीचं. बोलायचं काम भाऊजींचं, पारखायचं वहिनींचं. बाजारात नवीन काही आलं की वहिनी ते तीन दिवस मागच्या टेबलावर ठेवून पिळून काढायच्या आणि मग अर्ध्या पानाचा कागद काचेच्या दारावर चिकटवायच्या. तोच कागद गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर जायचा. त्याला 'वहिनींचा निकाल' म्हणत, आणि त्या निकालावर अपील नसे.

या वेळी टेबलावर जो मदरबोर्ड आला होता त्याची किंमत साध्या बोर्डाच्या चौपट होती. खोकंच एवढं दणकट की त्यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढता आलं असतं. भाऊजींनी तो वितरकाकडून चाचणीसाठी मागून आणला होता आणि व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या एका बाईंना सांगूनही टाकलं होतं, की तुमच्या कामाला हाच.

"सगळ्यांसाठी नाही म्हणत मी, वहिनी," ते म्हणाले होते. "पण ज्याला दिवसभर ढिगाने फुटेज इकडून तिकडे हलवायचंय, त्याचे पैसे वसूल होतात."

"तुम्हाला चकाकेल ते सगळं वसूलच वाटतं, भाऊजी."

खरं सांगायचं तर वहिनींच्या मनात निकाल खोकं उघडायच्या आधीच लागला होता. बोर्डावर धातूचं चिलखत, चिलखतात दिवे, आणि कोपऱ्यात तापमान दाखवणारा चक्क छोटा पडदा. 'दिखाव्याला भुलू नका' असं सांगून सांगून ज्यांनी नाव कमावलं, त्यांच्या डोळ्यांत हे खुपणारच. त्यातून भाऊजी न विचारता शब्द देऊन बसलेले. पारखायचं काम नक्की कुणाचं, असं वहिनींनी तोंडाने विचारलं नाही, पण राग नाकाच्या शेंड्यावर होता.

दोन दिवस साधा प्रोसेसर लावून बोर्ड कामाला जुंपला. नाव ठेवायला जागा सापडेना. तिसऱ्या दिवशी महागडा प्रोसेसर लावायचं ठरलं. भाऊजींनी आधीचा काढला, कडेला लागलेली, उष्णता ओढून घेणारी पेस्ट फडक्याने पुसली आणि ते बाजूला उभे राहिले. प्रोसेसर बसतो त्या चौकोनात, सॉकेटमध्ये, केसासारख्या हजारावर पिना असतात. तिथे हात घालायचा तर आधी चष्मा, मग भिंग, मग फोटो, हा नियम वहिनींनीच केलेला. जवळचं वाचायचा चष्मा त्यांना वर्षभरापूर्वी लागला होता. तो ड्रॉवरमध्ये होता आणि भाऊजी समोर होते. चष्मा नाकावर चढला की ते हमखास म्हणत, "या, आजीबाई." गमतीनेच म्हणत, पण त्या दिवशी वहिनींना गंमत नको होती.

त्यांनी प्रोसेसर तसाच चिमटीत उचलला. शेवटच्या क्षणी तो बोटांतून निसटला आणि एका कोपऱ्यावर टेकला. बारीक टिक् असा आवाज झाला. वहिनींनी तो परत उचलला, नीट बसवला आणि वरचा खटका लावला. वाकून बघितलं मात्र नाही.

कॉम्प्युटर चालू झाला आणि चारातल्या दोन रॅम दिसेनात.

असं झालं की सगळ्यात आधी सॉकेट उघडून पिना बघायच्या, हे वहिनींनी आजवर कितीजणांना शिकवलं होतं. त्या दिवशी त्यांनी रॅम अदलून बदलून पाहिल्या, सेटिंग पाहिलं, केबलीसुद्धा हलवून पाहिल्या, पण सॉकेटकडे काही वळल्या नाहीत. बोर्ड नापास झाला याचं त्यांना बरं वाटलं होतं. कानाने तो आवाज ऐकला असूनही बरं वाटलं होतं. पुढे स्वतःशी हे कबूल करताना त्यांची मान खाली गेली, पण ते नंतर.

संध्याकाळी निकाल लागला. 'किंमत चौपट, रॅम निम्मी. चिलखत घालून आलेला शिपाई तिसऱ्याच दिवशी आडवा. पैसे पाण्यात.' ग्रुपवर हशा पिकला. एडिटर बाईंनी सगळ्यांदेखत भाऊजींना लिहिलं, 'बरं झालं, तुमचं ऐकलं नाही.' भाऊजींनी उत्तरादाखल जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि बोर्ड खोक्यात भरून ठेवला.

त्यानंतर भाऊजींच्या तोंडाला कुलूप लागलं. साधा माउस विकतानाही ज्यांचं पाल्हाळ दहा मिनिटं चाले, ते आता एखाद्या केबलसाठीसुद्धा मागे वळून म्हणायचे, "वहिनी, तुम्हीच सांगा." डबा निम्मा तसाच परत जायला लागला. वहिनींनी मनाशी म्हटलं, हरले म्हणून फुगलेत. दोन दिवसांत हवा निघेल.

चौथ्या सकाळी वितरकाचा फोन आला. बोर्ड न्यायला चार वाजता माणूस येतोय, त्याआधी सॉकेटचा फोटो पाठवा, परतीच्या मालाची आमची ती पद्धतच आहे. भाऊजी एका ऑफिसात दुरुस्तीला गेले होते. दुकानात कुणी नाही असं बघून वहिनींनी चष्मा लावला, भिंग घेतलं आणि सॉकेट उघडलं. कोपऱ्यातल्या दोन पिना शेजारच्या पिनांवर कलल्या होत्या. जिथे तो प्रोसेसर टेकला होता, अगदी तिथेच.

वहिनींचे कान तापले. दुकानात चिटपाखरू नव्हतं, तरी त्यांनी दाराकडे बघून घेतलं.

मग सुईच्या टोकाने त्यांनी त्या पिना एकेक करून सरळ केल्या. दोनच पिना, पण पाऊण तास लागला. प्रोसेसर बसवला, आणि चारही रॅम निमूट हजर झाल्या. वहिनींनी एडिटर बाईंचं जुनं फुटेज काढून बोर्डावर सोडलं. ज्या कामाला साध्या बोर्डावर तास लागायचा ते याने वीस मिनिटांत उरकलं. परत एकदा केलं, परत वीस मिनिटं. भाऊजी म्हणाले होते ते शब्दन् शब्द खरं होतं.

मनातला वकील लगेच कोट चढवून उभा राहिला. शंभरातल्या नव्व्याण्णवांना हा बोर्ड नकोच आहे, मग निकालात चुकलं काय? पिना सरळ झाल्या आहेत, फोटो स्वच्छ येईल, चार वाजता खोकं जाईल, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण शंभरावी बाई होती, तिला भाऊजींनी खरं सांगितलं होतं, आणि ते चारचौघांत खोटे पडले होते. भाऊजी आले की सांगायचं, असं वहिनींनी ठरवलं. 'भाऊजी, चुकलं माझं.' तीनच शब्द, पण बारा वर्षांत या दुकानात ते त्यांनी कधी उच्चारले नव्हते, म्हणून मनात घोकत बसल्या.

दोन वाजता भाऊजी आले. टेबलावर उघडा बोर्ड, सुई आणि भिंग बघून ते दारातच थबकले.

"दिसलं ना तुम्हाला," ते म्हणाले.

वहिनींना काही कळेना.

"पिना माझ्यामुळे वाकल्या, वहिनी. पेस्ट पुसताना फडक्याचं टोक अडकलं असणार. त्याच संध्याकाळी बोर्ड भरताना दिसलं मला. पण तोवर तुमचा निकाल ग्रुपवर गेला होता. आता बोललो तर माझा गाढवपणा तर कळेलच, वर तुमचा निकालही खोटा पडेल. धीरच झाला नाही." त्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. "तीन दिवस घास उतरत नाहीये."

वहिनींनी तोंड उघडलं. घोकलेले तीन शब्द जिभेवर होते. बाहेर पडलं ते वेगळंच.

"असू दे, भाऊजी. होतं असं माणसाच्या हातून."

आणि तेही कसं, तर थोरलेपणाच्या मऊ आवाजात.

भाऊजींनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. मग पाणी प्यायले, स्टूल ओढून डबा उघडला आणि बोलायलाच लागले: ऑफिसातला प्रिंटर, तिथला कटकट्या मॅनेजर, तीन दिवसांचं साचलेलं सगळं. वहिनींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याची चूक माफ करायला मन मोठं लागतं म्हणतात. आपल्या चुकीसाठी दुसऱ्याला माफ करायला काय लागतं, त्याला नाव द्यायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि लिहिलं: 'आधीचा निकाल मागे घेते. बोर्डात दोष नाही. पिना माझ्या हातून वाकल्या. ज्यांना रोज ढिगाने फुटेज हलवायचं आहे त्यांनी जरूर घ्यावा, बाकीच्यांनी साधा घ्यावा. भाऊजी पहिल्यापासून हेच सांगत होते.' विचार बदलायच्या आत त्यांनी ते ग्रुपवर पाठवलं.

फोन वाजायला लागला. 'मानलं, वहिनी.' 'चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं.' एडिटर बाईंनी लिहिलं, 'आता तर डोळे मिटून घेते.' भाऊजींनी स्वतःच्या फोनवर सगळं वाचलं. त्यांचे डोळे भरून आले.

"वहिनी, माझं कशाला अंगावर घेताय? माझं नाव टाळलंत हे ठीक, पण म्हणून स्वतःचं लिहायचं?"

"अंगावर घेत नाहीये. माझ्याच हातून झालं. प्रोसेसर निसटला माझा."

"पुरे हो," भाऊजी हसले. "एवढा मोठेपणा बरा नाही."

"मोठेपणा कसला, खरं सांगतेय." वहिनींना त्यांच्याकडे बघवेना. "चष्मा लावला नव्हता मी. तुम्ही चिडवाल म्हणून. कोपरा टेकला तेव्हा आवाजही ऐकला होता. त्याच कोपऱ्यातल्या पिना वाकल्यात. तुमच्या फडक्याचा काही संबंध नाही."

भाऊजींचं हसू हळूहळू उतरलं. "हे तुम्हाला कधी कळलं?"

"सकाळी."

"मी यायच्या आधी?"

"हो."

भाऊजींनी हातातला घास डब्यात ठेवला. ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

"मग मघाशी तुम्ही मला माफ केलंत," ते म्हणाले, "ते कशाबद्दल, वहिनी?"

वहिनींनी मान खाली घातली. टेबलावर फोन वाजतच होता; लोक अजून त्यांची वाहवा करत होते.