रांजण, फडकं आणि शरणम्मा

मित्रांनो, मी एक जुना, मोठ्या पोटाचा रांजण आहे. बहात्तरच्या दुष्काळात उदगीरच्या लिंबाजी कुंभारांनी मला घडवलं आणि प्राध्यापक साहेबरावांनी आपल्या दारापुढं, रस्त्याच्या कडेला मांडलं. साहेबराव बुद्धाचा धम्म, झाडं आणि पाणी यांवर ग्रंथ लिहीत होते. रोज सकाळी ते लांबच्या विहिरीवरून पाणी आणत आणि फडक्यातून गाळून मला भरत.

पण आठ दिवस एकही माणूस माझ्यापाशी थांबला नाही. बौद्धाच्या घरचं पाणी म्हणून लोक कोरड्या घशानं पुढं जात. चिमण्या आणि मधमाश्यांना मात्र असलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या ओल्या अंगावर त्यांची जत्राच भरे. साहेबराव खिडकीतून रस्त्याकडं बघत आणि मान खाली घालून पुन्हा लिहू लागत.

नवव्या दिवशी समोरच्या किराणा दुकानाच्या मालकीणबाई शरणम्मा तरातरा आल्या.

“मास्तर, तुमच्या रांजणापायी मधमाश्या लई झाल्या! माझ्या गुळावर बसून राहिल्या.”

“त्यांनाबी तहान हाय, अक्का,” पाणी गाळता गाळता साहेबराव म्हणाले. “बुद्धाचे भिक्खूबी असंच गाळून प्यायचे. बारीक जीव मरू नयेत म्हणून.” आणि त्यांनी फडकं अंगणात झटकलं.

“अन् हे काय केलं? मातीत मेले की ते जीव! माझी आई सांगायची, ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत फडकं उलटं करून धुवायचं.”

साहेबराव थक्क झाले, मग खदखदून हसले. “दोन वर्षं पुस्तकं वाचून राहिलो, पण हे माझ्या ध्यानात आलं न्हाई!”

हे टिपून घ्यायला कागद आणायला ते आत धावले. बाहेर येऊन बघतात तो शरणम्मा भर रस्त्यात, सगळ्यांदेखत ओंजळीनं माझं पाणी पीत होत्या.

“बोलून बोलून घसा वाळला,” त्या म्हणाल्या.

त्यांचं बघून येणारे-जाणारेही थांबू लागले आणि त्या दिवशी दुपारपर्यंत मी पहिल्यांदा रिकामा झालो. मित्रांनो, रांजणाला याहून मोठं सुख नाही! दुसऱ्या दिवसापासून साहेबराव विहिरीवरच पाणी गाळू लागले.

दहा वर्षांनी आमचं उदगीर नव्या लातूर जिल्ह्यात गेलं. पुढं घरोघरी नळ आले. मला कुणी विचारेना, पोटाला चीर गेली. तेव्हा साहेबरावांनी मला पिंपळाच्या रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरलं. ते रोज मला भरत आणि चिरेतून पाणी मुळांशी झिरपत राही. आज त्या पिंपळाखाली अख्खी गल्ली बसते.

मित्रांनो, उन्हाळ्यात दारापुढं पाणी जरूर ठेवा. कोण पिणार, हे मात्र विचारू नका.