पावशेर फौजदाराची घोडी

मी एक जुनी नाचरी घोडी आहे, मित्रांनो. नाव रंभा. मी शांत उभी राहून बोलावं असं तुम्हाला वाटत असेल, तर माफ करा. ते मला जमत नाही. आत्ताही माझे चारही पाय जागच्या जागी उचलतायत बघा. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मेल्यावर तरी जाईल की नाही, कोण जाणे.

ही खोड जन्मतः नव्हती, ती मला लावली. शेवगावजवळच्या माळावर दोन खांबांमध्ये मला बांधायचे आणि हलगी वाजवायचे. पाय उचलला की गुळाचा खडा, नाही उचलला की छडी. गूळ कमी आणि छडी जास्त मिळाली, हे मी विसरलेले नाही. पण हलगी पायांत शिरली ती शिरलीच. मग सोनईपासून घोडेगावपर्यंत किती नवरदेव मिरवले! कुणी इतका भित्रा की माझी आयाळच उपटून हातात घ्यायचा. बायका माझ्या खुरांवर पाणी घालून मला ओवाळायच्या, तेव्हा फार बरं वाटायचं.

मग आला डीजे. त्या भिंतीएवढ्या खोक्यांच्या आवाजावर नाचायचं कसं? छातीच धडधडते. नवरदेव मोटारीच्या टपावर बसू लागले आणि मी गोठ्यात अडकले. नुसतं उभं राहण्याइतकी मोठी शिक्षा मला दुसरी नाही. खुरांनी उकरून उकरून मी दावणीजवळ खड्डा पाडला. माझे मालक गोरक्ष यांनी तो बुजवला, मी पुन्हा पाडला. तेव्हा ते म्हणाले, "आता हिला घोडेगावचा बाजार दाखवायला पायजे."

काम नसलेल्या म्हाताऱ्या घोडीला बाजारातून कोण नेतं आणि कुठं, हे आजवर कोणी परत येऊन सांगितलेलं नाही.

माझ्यासाठी धावून आली ती दिपाली, मालकांची भाची. अंगानं काटकुळी, उंचीला माझ्या खांद्याबरोबर. पोलीस भरतीसाठी ती पहाटे उठून धावायची, गोळा फेकायची आणि सगळ्यांच्या पुढे असायची; पण उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली की बाद. बाद झाली त्या दिवशी ती माझ्या मानेला बिलगून रडली. थोडा वेळ तरी स्थिर उभं राहावं, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. जमलं नाही.

लग्नांचं शूटिंग करणारा आदिनाथ तेव्हा एक सिनेमा काढत होता, 'पावशेर फौजदार'. हसवणारा आणि हाणामारीचा. त्यातली नवी फौजदार एवढीशी, की चोरसुद्धा तिला "बाळ, घरी जा" म्हणतात. अशी पोरगी शोधायला आदिनाथला लांब जावं लागलं नाही. सिनेमाच्या शेवटी फौजदाराची जीप बंद पडते, ती नवरदेवाच्या घोडीवर उडी मारते आणि जनावरांच्या बाजारात शेळीचोराचा पाठलाग करते. ते घोडीचं काम दिपालीनं मला मिळवून दिलं.

मालक तयार झाले, पण घोडेगावात मला टेम्पोतून उतरवताना त्यांनी अट घातली, "पळाली तर दावणीला ऱ्हाईल. नाचत बसली तर बाजार इथंच हाय."

भरल्या बाजारात शूटिंग सुरू झालं. चोर झालेला यशया शेळी खांद्यावर घेऊन सुटला आणि खाकीतली दिपाली माझ्या पाठीवर. काय पळाले म्हणून सांगू! पेंडीची पोती ओलांडली, पाण्याचा हौद ओलांडला. इतक्यात कुणीतरी खोंड विकत घेतला, गुलाल उधळला आणि हलगी कडाडली. मी थांबले आणि नाचू लागले. यशया शेळी खाली ठेवून बघत बसला.

गर्दीतून मला मालक दिसले. शेजारी एक दलाल, आणि दोघांचे हात एका रुमालाखाली. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत, रुमालाखाली बोटं दाबून ठरवतात. हात आत आहेत तोवर सौदा चालू. मध्येच बाहेर आले की मोडला. दिपालीनंही ते पाहिलं. तिनं टाच मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा, हलगी वाजत असताना मी पळाले. कडब्याच्या पेंढ्यांवरून उडी घेऊन थेट दलालाच्या नाकासमोर.

"हात वर!" दिपाली गरजली.

दलालानं कॅमेरा पाहिलाच नव्हता. त्यानं दोन्ही हात आभाळाकडे केले आणि रुमाल शेणात पडला.

"म्याडम, आमी काय केलं?"

"काय न्हाई. हात तेवढे वर ऱ्हाऊ द्या."

बाजार हसून लोटपोट झाला. दिपाली मात्र माझ्या पाठीवर ताठ बसली. तिला खरीखुरी फौजदार समजून कुणीतरी घाबरलं होतं.

"सौदा मोडलास की गं," मालक चिडून म्हणाले.

"मामा, हलगी वाजत व्हती तरी पळाली ती. बघितलं न्हवं तुमी?"

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी रुमाल उचलला, झटकला आणि मला टेम्पोकडे नेलं.

मित्रांनो, ज्याचे पाय थांबत नाहीत त्याला बांधून ठेवू नका, त्याला काम द्या. आणि कुणाला पट्टी लावण्याआधी एकदा पळवून बघा.

मी अजून दावणीला आहे. खड्डा पुन्हा पडला आहे. बाजारच्या दिवशी मालक खांद्यावर रुमाल टाकतात, तेव्हा माझा जीव खाली-वर होतो. मग दिपाली दारात येते, कमरेवर हात ठेवून म्हणते, "मामा, हात वर!" मालक हसत दोन्ही हात वर करतात. तेवढा वेळ मी स्थिर उभी असते.