छाप आठ

एकोणतीस वर्षं मी एका कॉलेजात प्रवेशाचे अर्ज तपासले. माझी सही झाली की प्रिन्सिपॉलसुद्धा त्या कागदाला हात लावत नसत. मी रिटायर झाले तेव्हा ऑफिसनं हुश्श केलं म्हणतात, केलं असेल. घरी बसून मला करमेना. म्हणून पोरगा अभिराम रविवारी सकाळी मित्रमंडळी जमवून एक फाशांचा खेळ खेळायला लागला, तेव्हा मी चहाचा ट्रे ठेवला आणि तिथंच ठाण मांडलं.

खेळ सोपा. प्रत्येकानं आपला एक गडी बनवायचा, कुणी योद्धा, कुणी जादूगार, आणि अभिराम सांगेल त्या जंगलात, किल्ल्यात शिरायचं; काही करायला गेलं की जमलं का नाही, ते फासा ठरवणार. गड्याच्या कागदावर सहा गुण: शक्ती, चपळाई, चिवटपणा, बुद्धी, समज आणि छाप, म्हणजे बोलण्यानं समोरच्यावर पडते ती. फासे टाकून सहा आकडे काढायचे आणि मर्जीनं सहा रकान्यांत वाटायचे. मग अमुक विद्या हवी तर तमुक गुण निदान तेरा हवा. म्हणजे प्रवेशाची अटच की! पोट्टे कागद कसेही खरडत होते. मी फाईल केली, छापील नमुना केला आणि नियम घातला: मी तपासून सही केली की आकडा बदलायचा नाही.

सुरभी सगळ्यांत शेवटी आली. रोहण्याची, शेतकऱ्याची लेक, सावंगीला नर्सिंग शिकणारी. तिची रूममेट ऋचा आमच्याकडे खेळायची, तिनंच आणलं तिला. आकडे छान पडले: पंधरा, चौदा, तेरा, बारा, दहा, आठ. पोरीनं मान खाली घालून कागद भरला. शक्ती पंधरा, चपळाई तेरा, छाप आठ. योद्धा व्हायला शक्ती किंवा चपळाई तेरा पुरते. बसत होतं. मी ठोकली सही.

चार महिने तिचा योद्धा मुकाट्यानं दारं फोडत राहिला. मग सगळ्यांचे गडी एक पायरी चढले, नवी विद्या घ्यायची वेळ आली, आणि ती हळूच म्हणाली, "काकू, मले गाणारी व्हायचं हाये."

गाणारी म्हणजे बोलून, गाऊन वाट काढणारी. मी फाईल उघडली. "त्याला छाप तेरा लागते. तुझी आठ आहे."

"वाढवता नाई येत?"

अभिरामनं बोटं मोजली. "येते, पण दर दोन पायऱ्यांनी दोनच. दोन वर्षांचे रविवार लागतील."

दोन वर्षांत तिचं शिक्षण संपून ती गेलेली असणार. ती हसली. "जाऊ द्या मंग. पुढच्या रविवारी मी नाई येत, काकू. ड्युटी हाये."

"रविवारी कुठं ड्युटी असते तुला?" ऋचा म्हणाली. सुरभीनं खुर्चीवरची ओढणी आवरायला घेतली. ही आता परत येत नाही, हे मला कळलं, आणि मला राग आला. माझा राग नेहमी समोरच्यावरच निघतो.

"मग आठ लिहिलाच काऊन वं तिथं? पंधरा होते ना हातात, टाकायचे छापेत!"

तिनं मान वर केली. "टाकता येत होते?"

"मर्जीनंच वाटायचे असतात!"

"मले वाटलं, खरं लिवा लागते." तिनं कागदाच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथं छापलं होतं, *माहिती खरी भरावी. खोटी आढळल्यास अर्ज रद्द.*

ते वाक्य माझं. जुन्या सवयीनं घातलेलं. बाकीच्या पोट्ट्यांनी ते वाचलंसुद्धा नव्हतं. हिनं वाचलं आणि स्वतःचे आकडे भरले. शक्ती पंधरा, कारण घरी कापसाचं गाठोडं तीच उचलते आणि वॉर्डात पेशंटला तीच उठवून बसवते.

"आन् छाप?" मी विचारलं.

"मी बोलाले लागली का घरी म्हणतेत, तू राहू दे. तोंडी परीक्षेतबी आवाज निंघत नाई माह्या. म्हटलं, इथं तरी बोलून पाहू."

माय वं! पोरीनं स्वतःला आठ लिहिलं, आणि त्यावर मी सही ठोकली.

मी लाल पेन काढला. "आई," अभिराम म्हणाला, "सही झाली की बदल नाही. नियम तुझाच आहे."

"गप बस. दुरुस्तीचाही नियम असतो." आठावर मी एकच रेघ मारली. खाडाखोड चालत नाही, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी पंधरा. शक्तीच्या पंधरावर रेघ, तिथं आठ. समासात शेरा: *सूचना चुकीची होती. चूक तपासणाऱ्याची.* असं मी एकोणतीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं.

"पण नवी विद्या घेताना जुनीचीही अट लागते," अभिराम सोडेना. "योद्ध्याला शक्ती तेरा."

"शक्ती किंवा चपळाई! नीट वाच, लेका. चपळाई तेरा आहे तिची."

सुरभीनं कागद जवळ ओढला. "काकू, आठ दिसून राह्यला अजून."

"दिसणारच. पण रेघ मारलेला आकडा कोणी धरत नाही."

"आन् शक्ती आठ." तिनं डोळे पुसले आणि खुदकन हसली. "बाबाले नोका सांगू."

चहा झाला. ओढणी पुन्हा खुर्चीवर गेली. अभिरामनं घसा साफ केला. "किल्ल्याचं दार बंद आहे. आत पहारेकरी. कोण काय करतं?"

आतापर्यंत दार सुरभीच फोडायची. सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिनं तोंड उघडलं, मिटलं. ऋचा मदतीला बोलायला गेली, तिला मी चिमटा काढला.

"ओ पहारेकरी भाऊ," सुरभी म्हणाली. आवाज बारीक, पण निघाला. "दार उघडता का? नाई तं मी गाणं सुरू करीन, सकाळपावतर थांबणार नाई."

सगळे खो खो हसले. अभिरामनं फासा पुढं केला. "टाक."

"थांबा ना, दादा. माह्यं बोलणं नाई झालं अजून."

अभिरामनं फासा परत मुठीत घेतला.