ईशान्येचं जातं

सुई थरथरत होती... रुपयाएवढ्या पितळी डबीत, काचेखाली, एका टोकाला निळा रंग लावलेली सुई — जरा उजवीकडं झुकायची, परत यायची, पुन्हा झुकायची, फळ्यापुढं उभ्या केलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या मुलीसारखी. डबीखाली तपकिरीचे डाग पडलेला रुमाल, आणि रुमालाखाली सिंधूची माहेरची ट्रंक. लोखंडी. सिंधूनं ते पाहिलं आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, ते तिनं पदर तोंडाशी नेऊन झाकलं. लोखंडावर होकायंत्र ठेवून हा माणूस उत्तर शोधतोय. इंटर सायन्सच्या वर्गात कुणी असं केलं असतं तर सरांनी सगळ्यांदेखत विचारलं असतं, की बाबा रे, तू इथं कशाला आलास, घरी गुरं नाहीत का... सांगावं का? एक वाक्य पुरलं असतं. पण तिनं नाही सांगितलं. चुकू दे. ज्याची उत्तरच खोटी त्याच्या बाकीच्या दिशांना काय अर्थ — आणि खरी असती तरी काय अर्थ होता म्हणा.

"ही बगा, लागली," तात्याबा म्हणाले आणि बोट करून त्यांनी उत्तर दाखवली. ती पेरूच्या बागेपलीकडच्या उकिरड्याकडं होती. आबासाहेबांनी, तिच्या सासऱ्यांनी, नकळत तिकडं हात जोडले.

"पर तात्या," सासूबाईंनी चहाचा पेला पुढं सरकवता सरकवता शंका काढली, "सूर्व्या तर रोज त्या कोपऱ्यातनं वर येतो. मंग उगवती हिकडं कशी?"

"सूर्व्याचं काय घिऊन बसलाय द्वारकाबाई. त्यो उन्हाळ्यात हितनं उगवतो, हिवाळ्यात तितनं. सुई न्हाय अशी फिरत."

द्वारकाबाईंना ते पटलं. सिंधूला हसू नाही आलं आता. किळस आली, शिळ्या भाजीचा वास यावा तशी. सूर्य चुकतो आणि हा चुकत नाही. तात्याबा डाळजचे. तरुणपणी कालव्याच्या मोजणीवर साखळी ओढायला होते, तिथल्या कुण्या साहेबानं जाताना ही डबी दिली म्हणे, आणि तेवढ्या भांडवलावर हा माणूस इंदापूर-बारामतीच्या मळ्यामळ्यांतून लोकांच्या चुली हलवत फिरतो. कुणाची म्हैस आटली, दार फिरवा. कुणाचं पोरगं मॅट्रिकला आपटलं, न्हाणी बुजवा. रोग शंभर आणि औषध एक: उचला आणि तिकडं ठेवा. दिल्लीत पाच-पाच वर्षांच्या योजना आखताहेत, आणि पिंपळीच्या या मळ्यातल्या, अजून चुन्याचा वास न गेलेल्या घरात योजना आखायला तात्याबा, भिगवणहून मोटारीनं, तपकिरीच्या रुमालासकट... आणि माझा नवरा शेतकी कॉलेजचा पदवीधर. काल रात्री जेवताना म्हणाला, येऊन जाऊ दे ना, त्यांच्या जिवाला बरं वाटेल. आणि आज सकाळी उठून वांग्यांना पाणी द्यायला निघून गेला. तात्याबांचा राग येत नाही तेवढा सोपानरावांचा येतो. तात्याबांना निदान काही ठाऊक नाही.

कशासाठी बोलावलं होतं ते मात्र कुणी सरळ म्हणत नव्हतं. सासूबाई म्हणत, घराला कायतरी लागलंय. ते 'कायतरी' माजघरात चटईवर बसून पितळी डब्याच्या झाकणाशी खेळत होतं. सव्वा वर्षाची सारजा. नाव सोपानरावांच्या आजीचं. सिंधूच्या मनात दुसरं होतं, पण ते राहिलं. सारजा झाकण उभं करायची, ते गोल फिरत आडवं व्हायचं, त्याच्या फिरण्याकडं ती तोंड उघडं टाकून बघायची. गुटगुटीत, हसरी, दोनदा भिंतीला धरून चाललेली. फक्त अजून एक शब्द नव्हता. 'आई' नाही, 'बाबा' नाही, दुधाला 'बू' नाही.

"जिभेला जड हाय जरा," सासूबाई तात्याबांना म्हणाल्या. "हाक मारली का कवाकवा बगती, कवाकवा न्हाय."

"खेळात असली की नाही बघत," सिंधू म्हणाली. शांतपणे, पुस्तकातलं वाचावं तशी. "काही मुलं दोन वर्षांनी बोलतात."

"व्हय की," तात्याबा म्हणाले, "सूनबाई शिकल्याल्या हाईत. त्यान्ला म्हाईत." आणि त्या मानण्यात इतका भाबडा आदर होता की सिंधूला त्या आदराचाही राग आला.

ते उठले आणि घर बघत फिरले. डोक्यावर मुंडासं, डबी तशीच ट्रंकेवर, मागं आबासाहेब, त्यांच्यामागं पहार खांद्यावर टाकलेला गडी दत्तोबा. देव्हारा बरा. चूल चालंल. माजघराच्या कोपऱ्यात जातं होतं, खालचा दगड मातीत अर्धा रुतवलेला, लाकडी खुंटा तेलकट झालेला. तात्याबा तिथं थांबले, मघाचीच उत्तर बोटानं पुन्हा धरली, आणि वैद्यानं नाडी सापडल्यावर डोळे मिटावेत तसे मिटले.

"आबासाहेब, हितं जातं कुनी घातलं?"

"गवंड्यानं म्हटलं, जागा हाय—"

"ही ईशान्य. वास्तुपुरुष पालथा झोपल्याला असतो घरात, त्याचं डोस्कं हितं येतं. आन् तुमी त्याच्या डोस्क्यावर रोज पायली-पायली दळताय. त्याचं कान बंद, डोस्कं बंद. मंग घरातल्या लेकराला वाचा कशी फुटावी?"

द्वारकाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दत्तोबा मात्र पहारेवर रेलून म्हणाला, "तात्या, तुमच्या घरात कुठं हाय वो जातं?"

"माज्या घरात दळाया मानूसच न्हाय राहिलं. दाल्ल्याला सोडून जाणाऱ्या बायकांचं कायी शास्तर निगालं तर तुला पैलं सांगीन," तात्याबा म्हणाले, आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसले.

कसं बेतलंय बघा, सिंधूच्या मनात आलं. पोर लंगडी असती तर याच कोपऱ्यात वास्तुपुरुषाचा पाय आला असता... आणि तरी, तो 'कान' म्हणाला. जीभ म्हणाला नाही. सगळे जीभ म्हणतात. या अडाण्यानं, चुकीच्या कोपऱ्यात उभं राहून, खोट्या सुईवरून— तिनं विचार तिथंच तोडला. तसे विचार तोडायची तिला सवय होती.

कारण चटई. तिची चटई. माजघरात एकच दार, आणि सिंधूनं सारजेला कायम दाराकडं तोंड करून, भिंतीला पाठ लावून बसवलं होतं. का, तर उजेड चांगला येतो. का, तर भिंतीशी बसलं की तोल जात नाही. कारणं पुष्कळ होती, आणि प्रत्येक खरं होतं. पण दाराशी कुणी आलं की ओसरीवरच्या उजेडानं त्याची सावली आधी चटईवर पडायची, सारजा मान वर करायची, आणि मग जो कोण असेल तो म्हणायचा, "काय गं सारजे," आणि सारजा हसायची. हाकेच्या आधी हसायची... मागून कुणाला येताच येत नव्हतं. मागं भिंत होती. सिंधूनं मागून हाक मारून पाहिली होती एकदा, पाळण्यात. एकदा वाटी टाकली होती. सारजा तेव्हा स्वतःच्या मुठीत गुंग होती. गुंग होती, एवढंच. पुन्हा नाही टाकली. आणि सोपानराव म्हणाले होते, पुण्याला एकदा दाखवून आणू या का, तेव्हा ती म्हणाली होती, काय दाखवायचंय? — अशा आवाजात, की तो पुन्हा बोलला नाही.

"आन् लेकराची बैठक बदला," तात्याबा चटईपाशी येऊन म्हणाले. "दाराकडं तोंड करून बसवल्यालं लेकरू म्हंजी निगाया टेकल्याला पावना. तोंड उगवतीला पायजे."

"उजेड डोळ्यांवर येईल तिच्या," सिंधू म्हणाली. पटकन. फार पटकन.

"उगवतीचा उजेड कुठं बाधतो व्हय, सूनबाई?"

"एवढं तरी ऐक की गं," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनीच चटई सारजेसकट धरून फिरवली. सारजेला वाटलं खेळ आहे. तिनं दोन्ही हात हवेत टाकले.

आणि तेव्हा सिंधूच्या लक्षात आलं. खऱ्या पूर्वेला तोंड केलं असतं तर दार डोळ्यांच्या कडेला तरी राहिलं असतं. तात्याबांच्या पूर्वेनं ते साफ पाठीमागं गेलं. एक वाक्य... त्या ट्रंकेवरून डबी उचला, एवढंच एक वाक्य. शिकलेल्या बाईनं मजा बघितली, आणि आता या खोलीत येणारा प्रत्येक माणूस तिच्या मुलीच्या पाठीशी येणार होता.

आबासाहेब दाराशीच होते. त्यांनी लाडानं हाक घातली, "सारजाबाई, ओ सारजाबाई."

झाकण फिरत होतं. पाठ, दोन बारीक वेण्या होतील न होतील इतके केस, मानेवर काजळाची तीट. काही हललं नाही.

"ओ बाईसाहेब..."

सिंधू चालत पुढं गेली, काहीतरी उचलायला जावं तशी, आणि सारजेच्या समोर येऊन वाकली. सारजा तिला बघून हसली. "बघा," आबासाहेब म्हणाले, "मर्जी असली की बगतीया." सिंधूच्या काखेत घाम सुटला होता. असं किती वेळा वाकणार मी? दिवसभर? ती पाच वर्षांची होईपर्यंत?

तोवर दत्तोबानं वरचा दगड काढून बाजूला ठेवला होता आणि खालच्याखाली पहार घातली होती. आबासाहेबांनी एका बाजूनं हात लावला, तात्याबा लांबून "सांभाळा, सांभाळा" म्हणत राहिले. माती सुटली, दगड वर आला, काठावर तोलला, आणि दत्तोबाच्या हातून निसटून शहाबादी फरशीवर आदळला.

फडताळातली भांडी खणाणली. सारजेनं दचकून मान फिरवली. थेट त्या कोपऱ्याकडं. ओठ वाकडे केले, आणि रडायला लागली.

"ऐकलं," द्वारकाबाई म्हणाल्या. हळू म्हणाल्या, देवळात बोलावं तसं. मग मोठ्यानं, "ऐकलं माझ्या बाईनं, दगूड हालला का न्हाय तोवर ऐकलं." त्या तात्याबांच्या पाया पडायला वाकल्या, आबासाहेबांनी डोळे पुसले, तात्याबांना स्वतःलाच इतकं नवल वाटलं की ते तपकीर घ्यायची विसरले.

सिंधू सारजेसमोर उकिडवी बसली होती, आणि तिचा हात फरशीवर टेकलेला होता. हातातून अजून ती थरथर जात नव्हती. आवाज तर तिनंही ऐकला होता. पण त्याच्याआधी — नाही, त्याच्याबरोबरच — फरशी तळहाताला येऊन लागली होती. आणि सारजा फरशीवरच बसली होती. हे या खोलीत फक्त तिला कळलं होतं. हसायला हवं होतं तिला. यापेक्षा हास्यास्पद काय असेल: चुकीच्या दिशेचा दगड, चुकीच्या कारणानं पडलेला, आणि त्याच्या पाया पडणारी माणसं... तिनं मनात तो तुच्छपणा शोधला, रोजच्या जागी, जिथं तो तिला हात घालताच सापडायचा. सापडला नाही. तिथं फक्त एक विनवणी होती, अगदी सासूबाईंच्या आवाजातली: खरं असू दे. दगडामुळंच असू दे. हवं तर सगळं घर उचला आणि तिकडं ठेवा.

मंडळी चहाला ओसरीवर गेली. सिंधूनं सारजेला गप्प केलं, झाकण पुन्हा हातात दिलं. चटई परत फिरवायला हात गेला... आणि राहिला. मग ती उठली आणि सारजेच्या मागं जाऊन बसली, दाराच्या बाजूला. हाताच्या अंतरावर. इथून ती कधी बसली नव्हती. इथून मुलगी लहान दिसत होती, आणि फार एकटी.

फरशीला पुन्हा काहीतरी लागलं. धप्, धप्. सोपानराव मळ्यातून आले होते, पाय आपटत, चिखल झाडत असल्यासारखे. आणि सारजेनं मान वळवली, बापाला पाहिलं, हसली. चिखल ओसरीबाहेरच धुतलेला होता. ओल्या, स्वच्छ पावलांचा माणूस पाय आपटत होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी हा इतका हलक्या पायांनी यायचा की मागं उभा राहिला की मी दचकायची... कधीपासून आपटतो हा पाय? कुणाला न सांगता, कधीपासून?

त्यानं फिरलेली चटई पाहिली, मागं बसलेली सिंधू पाहिली. दाराशीच थांबला, आता पाय न हलवता.

सारजा पुन्हा झाकणाकडं वळली होती. सिंधूनं दोन्ही हात मांडीवर घेतले, फरशीपासून दूर. सावली पडणार नाही इतकी मागं सरकली. तो बघतोय, बघू दे. मी आता हाक मारणार आहे. नाव घेऊन, मोठ्यानं, एकदाच... आणि हाक अजून घशातच होती, पहिल्यांदाच अशी, जिच्या उत्तराची तिनं आधी काहीही तजवीज केलेली नव्हती.