कमरेइतका खड्डा

मी नवसूच्या अंगणातला खड्डा. खड्ड्याकडं सांगण्यासारखं काय असणार, असं तुम्हाला वाटेल. पण माझ्यावरून या घरात महिनाभर कोणी कोणाशी धड बोललं नाही, म्हणून सांगतो.

होळी झाली आणि नवसूनं मला पहारीनं खणायला घेतलं. दगड लागला की बाजूची माती सैल करायची, दगड काढायचा, पाणी प्यायचं, परत बसायचं. त्याची नात चैती चार वर्षांची. तिच्या पायांत जन्मापासून बळ नाही. जव्हारच्या दवाखान्यातल्या ताई म्हणालेल्या, "आजोबा, हिला रोज थोडा वेळ आधारानं उभी ठेवा." आधाराची लाकडी चौकट कुठं मिळते ते नवसूला माहीत नव्हतं. माती माहीत होती.

दोरीनं त्यानं पोरीचं कमरेपर्यंतचं माप घेतलं. कडेनं पेंढा लावला, वर जुनं लुगडं. मग तिला माझ्यात उतरवली. चैती उभी राहिली. काठावर हात टेकून तिनं कोंबड्यांना दरडावलं.

पण तिच्या आईला, कविताला, कोणी विचारलं नव्हतं. ती मोहाची फुलं वेचून आली, तर लेक अर्धी जमिनीत. आमच्या डोंगरात लहान खड्डे कशाला खणतात ते आयांना ठाऊक असतं. कविताचं पहिलं मूल तसंच मातीत गेलेलं. टोपली तिथंच पडली.

"जित्या पोरीला गाडलं तुम्ही," ती म्हणाली. चैतीला ओढून काढताना पोरीचे गुडघे खरचटले.

आजी सकू दारातून बोलली, "पोर अशी झाली ती तुझ्या पायगुणानं. आता आजा करतो तर तेही नको."

शेजारचा फागू कुडाच्या कुंपणावरून म्हणाला, "नवसू, रोज पाणी घाल रे. उगवंल पोरगी."

कविता गाठोडं बांधायला लागली. नवरा वीटभट्टीवर, तिला अडवणार कोण? पोर घेऊन ती माहेरी निघाली होती.

नवसू सकूकडं वळला. म्हणाला, "पोर कोणाच्या पायगुणानं अशी नाही झाली. परत बोललीस तर तुझ्या हातची भाकर खाणार नाही." मग खाली बघत सुनेला म्हणाला, "मी विचारलं नाही. चुकलं. ताईंकडं चल. त्या नको म्हणाल्या तर बुजवतो."

एकाच एसटीत दोघं वेगळ्या बाकांवर बसून गेली. ताई म्हणाल्या, अर्धा तास उभी ठेवा, कोणीतरी समोर बसा, पायात बळ आलं की खड्डा उथळ करत न्या.

तेव्हापासून कविताच पोरीला उतरवते. सासऱ्याला काही सांगायचं तर चैतीकडं बघून सांगते, "आजाला म्हण, पेंढा बदल." आजा बदलतो. सकू फुगलेलीच आहे. कोणी नसलं की फागू माझ्यात उष्टं टाकतो. नवसू ते हातानं काढतो.

आजे-आज्यांनो, नातवंडासाठी काही करायचं तर जरूर करा. पण आधी त्याच्या आईजवळ बसा, तिला कशाची भीती वाटते ते ऐका.

काल कवितानं माझ्या तळाला चार बोटं माती लोटली. चैती तेवढी वर आली. पाय थरथरले, पण ती पडली नाही. मग कवितानं सासऱ्याकडं बघितलं.

"उद्या अजून थोडी टाकू," ती म्हणाली. "तुम्ही चोपून घ्या."

मला अजून बरंच बुजायचं आहे. घाई नाही. पण माती टाकत राहा.